मांडीवरचा रोबो

नागपुरात धरमपेठ, लक्ष्मीनगरकडे कितीतरी घरांत आता दोघंच म्हातारी माणसं राहतात. मुलं पुण्याला, नाहीतर अमेरिकेत. त्यातल्या एकाला स्मृतिभ्रंश झाला की दुसऱ्याचे हाल विचारू नका. अशा घरांना पारो माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पारो म्हणजे सीलच्या पिल्लाच्या रूपातला जपानी रोबो. ताकानोरी शिबाता 1993 पासून त्यावर काम करत आले. वजन सुमारे 2.7 किलो, तान्ह्या बाळाएवढं. मांडीवर घेतला की हात आपोआप पाठीवर जातो. पांढऱ्या लवीखाली स्पर्श ओळखणारे सेन्सर आहेत. कुरवाळलं की मान वळवतो, डोळे मिटतो, बारीक आवाज काढतो. एकाच नावानं हाक मारत राहिलात की त्या नावाला ओ देऊ लागतो. चार्जरसुद्धा चोखणीच्या आकाराचा, तोंडात द्यायचा! अमेरिकेत 2009 साली त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा मिळाला. आजार त्यानं बरा होत नाही. पण रुग्णाची तगमग कमी झाल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

सीलच का? मांजर सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे यंत्राचं मांजर जरा चुकलं की खटकतं. सील कुणी जवळून पाहिलाय?

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसोबत वापरलेला हिदेकी कोझिमा यांचा रोबो कीपॉन तर याहून साधा. एकावर एक ठेवलेले दोन पिवळे मऊ गोळे, उंची जेमतेम 12 सेंटीमीटर. डोळ्यांत कॅमेरे, नाकात माइक. तो बघतो आणि डोलतो, बस. माणसाच्या चेहऱ्यावर एका क्षणात इतकं काही हलतं की स्वमग्न मूल गांगरतं. इथे समजून घ्यायला दोनच गोष्टी. कोझिमांना त्यात एक फार मोलाची गोष्ट दिसली: काही मुलं कीपॉनकडे बघून मग आईकडे वळत, तिला आपला आनंद दाखवत. म्हणून शेजारी माणूस हवाच. आजीला पारो देऊन सगळे निघून गेले, तर तो उपचार नव्हे.

असे रोबो आपल्याकडच्या घरांसाठी घडवायचं काम नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी अंगावर घ्यावं. कूलरच्या घरघरीत रोबोला हाक ऐकू जाईल का? मे महिन्याच्या उन्हाळ्यात ही लव मांडीवर सहन होईल का, की सुती कापड बरं? आणि बिघडला तर इथेच, सीताबर्डीच्या बाजारात दुरुस्त व्हायला हवा.