डोळ्यांतले थेंब डोळ्यापुरतेच राहत नाहीत
डोळ्यांत टाकलेलं औषध डोळ्यापुरतंच राहतं, हा समज चुकीचा आहे, आणि दमा असलेल्यांसाठी घातक. काचबिंदूवर वर्षानुवर्षं दिलं जाणारं टिमोलॉल अश्रुनलिकेतून नाकात उतरतं आणि तिथल्या अंतस्त्वचेतून थेट रक्तात जातं. गोळीसारखं आधी यकृतातून जात नाही, त्यामुळे तिथे त्याचा जोर कमी होत नाही. मग ते श्वासनलिकांमधले बीटा-२ ग्राही (नळ्या सैल ठेवण्याचा संदेश घेणारे पेशींवरचे बिंदू) अडवतं आणि नळ्या आवळतात. त्याहून वाईट म्हणजे, धाप लागल्यावर ओढायचा साल्ब्युटामॉलचा पंपही याच ग्राहींवर काम करतो, त्यामुळे तो कमी पडू शकतो. डोळ्याचा आतला कोपरा दाबून धरल्याने शोषण घटतं, पण दम्यात तेवढ्यावर विसंबू नये. लॅटानोप्रोस्टसारखे पर्याय आहेत. थेंब आपल्या मनाने बंद करू नका. नेत्रतज्ज्ञांनी विचारलं नाही तरी दम्याचं आधी सांगा.