घोट्याजवळचा काळा चट्टा

मावशीच्या डाव्या पायाला, घोट्याच्या जरा वर, आतल्या बाजूने तळहाताएवढा चट्टा होता. आधी तपकिरी, मग काळपट, वरून कोरडा आणि रात्री खाजून खाजून झोप उडवणारा. तीस वर्षं खानावळ चालवलेली बाई. सकाळी सहाला ओट्यापाशी उभी राहिली की दुपारी तीनलाच टेकायची. तीन वर्षांत तिने चट्ट्याला काय लावलं नसेल! गजकर्णाचं मलम, इसबाचं मलम, हळद-खोबरेल, कडुनिंबाचा लेप. ‘रक्त अशुद्ध झालंय’ म्हणून कुणीतरी दिलेला कडू काढाही पिऊन झाला. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिला जमिनीवर सरळ उभं केलं, साडी गुडघ्याच्या वर घ्यायला सांगितली आणि चट्टा सोडून पोटरीच न्याहाळत बसल्या. पोटरीवर निळसर, गाठीगाठींच्या, वळवळत गेलेल्या शिरा होत्या, ज्यांना डॉक्टर ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. त्याआधी सगळ्यांनी तिचा पाय टेबलावर आडवा करून पाहिला होता. आडवं झालं की या शिरा रिकाम्या होऊन सपाट पडतात.

‘अशुद्ध रक्त’ हा शब्द आपल्याला शाळेतच चिकटतो. पायाकडून हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यात घाण नसते, त्यामुळे काढ्याने शुद्ध करण्यासारखंही काही नसतं. मावशीचं दुखणं होतं ते रक्ताच्या दाबाचं, आणि तेही दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या दाबाचं नव्हे.

उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत साधारण एक ते सव्वा मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. त्याच्या नुसत्या वजनाने घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब येतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. विहिरीवर मोटर बसवलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. फुटवॉल, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, धड असेल तर पाइपातलं पाणी जागच्या जागी राहतं, तो गळायला लागला की पाणी उतरतं आणि मोटर नुसतीच घरघरते. झडपा शाबूत असलेल्या पायात चालताना घोट्याजवळचा दाब २०-३० पर्यंत उतरतो. झडपा निकामी झाल्या की तो चालतानाही फारसा उतरत नाही.

या झडपांचं वर्णन इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये छापलं, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांना नीट उमगलं नाही. ते त्यांचा इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वी याने ओळखलं. १६२८ च्या त्याच्या पुस्तकातला प्रयोग घरी करता येतो. दंडाला मिनिटभर फडकं बांधा, हाताच्या शिरा फुगतील. एका शिरेवर बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून वरच्या दिशेने, पुढच्या गाठीपलीकडे, रक्त सारा. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली येत नाही. ती गाठ म्हणजेच झडप.

झडपा बिघडतात कशाने? घराण्यात असणं हे मोठं कारण. बाळंतपणं, वाढलेलं वजन, वय, पूर्वी खोल शिरेत झालेली रक्ताची गुठळी ही आणखी काही. तासन्‌तास एका जागी उभं राहावं लागणारे न्हावी, ट्रॅफिक पोलीस, शिक्षक, स्वयंपाकी यांना त्रास जास्त, कारण नुसतं उभं राहिल्याने पोटरीचा पंप चालतच नाही.

दाब कायम चढा राहिला की सूक्ष्म केशवाहिन्या झिरपू लागतात. पाणी बाहेर येतं म्हणून संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उमटतो. तांबड्या पेशीही बाहेर पडतात, तिथेच फुटतात आणि त्यांच्यातलं लोह त्वचेत साठतं. मावशीचा तपकिरी डाग हाच. पांढऱ्या पेशी गोळा होऊन दाह सुरू करतात आणि मग येते खाज, कोंडा, पाझरणारी लस, म्हणजे एक प्रकारचं इसबच. सावळ्या कातडीवर हा दाह लाल दिसत नाही, काळपट-जांभळट दिसतो, म्हणून ‘जुना डाग आहे’ म्हणत सोडून दिला जातो. पुढे कातडीखालची चरबी आक्रसून पाय घोट्यापाशी बारीक आणि वर जाड होतो. मग एक दिवस टेबलाचा कोपरा लागतो आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

मलमांचा उपयोग आहे, पण तो खाजेपुरता. रोज साधं, बिनवासाचं पेट्रोलियम जेली लावलं तरी कातडी मऊ राहते. दाह भडकला की डॉक्टर काही दिवसांसाठी स्टेरॉइडचं मलम देतात. गंमत म्हणजे या भागाच्या त्वचेला औषधांचीच अ‍ॅलर्जी चटकन होते. निओमायसिन हे प्रतिजैविक असलेली मलमं आणि पावडरी, लॅनोलिन (लोकरीतली चरबी), सुवासिक तेलं यांत नेहमीचे गुन्हेगार. कधीकधी पायावरचं इसब इतकं भडकतं की हातांवर, मांड्यांवरही पुरळ उठतं आणि माणूस भलत्याच अ‍ॅलर्जीच्या शोधात फिरतो.

खरा इलाज दाबाला दाबाने उत्तर देणारा. घोट्यापाशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे किंवा पट्ट्या. ते दुकानातून परस्पर आणू नयेत. आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात. घोट्याचा दाब दंडाच्या ०.८ पटीपेक्षा कमी निघाला तर धमन्यांतूनच पायाला रक्त कमी पोचतंय, आणि तिथे घट्ट मोजा घातक ठरू शकतो. मधुमेही आणि सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांनी तर ही तपासणी टाळूच नये. मधुमेहात धमन्या कडक झाल्या असतील तर हा आकडा फसवाही निघतो, तेव्हा निर्णय डॉक्टरांचाच.

शिरांचा नकाशा कलर डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, मिळतो. निकामी शीर आता लेझरने किंवा रेडिओलहरींनी आतूनच बंद करतात, बहुधा पायापुरती भूल देऊन. ‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ हा मावशीचा पहिला प्रश्न. पायाचं सुमारे ९० टक्के रक्त खोल शिरांतूनच परततं. त्या मोकळ्या आहेत ना, एवढं आधी बघतात. जखम झालेल्यांनी तर थांबूच नये. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्ट्या सगळ्यांनाच बांधल्या होत्या. ज्यांची शीर लवकर बंद केली त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, ज्यांची शीर लवकर बंद केली नाही त्यांच्या गटात तेवढ्यासाठी ८२ दिवस लागले.

दोन प्रसंगी वाट बघू नये. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली तर ताबडतोब आडवं व्हावं, पाय वर उचलून धरावा आणि फुटल्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबावं. अशा वेळी भांबावून उभं राहणाराच जास्त रक्त गमावतो.

मावशीची शीर बंद करून दीड वर्ष झालं. मोजे ती अजून घालते, पहाटे अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी, कारण तेव्हा सूज नसते. आधी टाचेपर्यंत उलटे करायचे, हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवायचे, म्हणजे पकड येते. रात्री धुऊन सावलीत वाळत घालते, सहा महिन्यांनी नवे आणते. ओट्यापाशी एक उंच स्टूल आलंय आणि कुकरच्या शिट्ट्या मोजताना ती टाचा वर-खाली करत असते. खाज गेली. डाग मात्र आहे तसाच आहे. त्वचेत मुरलेलं लोह सहजी जात नाही. गिऱ्हाइकांपैकी कुणी ‘भाजलं का हो?’ विचारलं की ती आता साडी वितभर वर घेऊन फुटवॉलपासून सुरुवात करते.