विद्युतचुंबकीय प्रवाहमापीच्या संकेताचे संख्यात्मक पूर्वानुमान

जलवाहिनीवर बसवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवाहमापीला (बोलीत ‘मॅगमीटर’) किती विद्युतदाब मिळेल, हे संगणकावर आधीच काढण्याच्या पद्धती. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहताना फॅराडेच्या नियमानुसार नळाच्या भिंतीत समोरासमोर, डाव्या-उजव्या बाजूंना बसवलेल्या अग्रांमध्ये (इलेक्ट्रोडमध्ये) विद्युतदाब निर्माण होतो; हाच मापीचा संकेत. क्षेत्र एकसारखे आणि प्रवाह अक्षाभोवती सममित असेल, तर हा विद्युतदाब म्हणजे क्षेत्र, व्यास आणि सरासरी वेग यांचा गुणाकार.

जायकवाडीहून छत्रपती संभाजीनगरला पाणी आणणाऱ्या जुन्या वाहिन्यांपैकी एक १४०० मिमी व्यासाची आहे. अशा नळात वेग सेकंदाला १ मीटर आणि क्षेत्र १ मिलिटेस्ला धरले, तर संकेत येतो अवघा १.४ मिलिव्होल्ट. त्यात १४ मायक्रोव्होल्टची चूक म्हणजे १ टक्का. पाण्याच्या हिशेबात दिवसाला सुमारे १३ लाख लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणी-रेल्वेत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. मराठवाड्यात या एका टक्क्याकडे काणाडोळा करता येत नाही, तो यासाठी.

प्रत्यक्षात प्रवाह सममित क्वचितच असतो. पंपगृहाबाहेरचा बेंड, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह पाण्याला एका अंगाला ढकलतो. जे. ए. शेरक्लिफ यांनी १९५४ मध्ये दाखवले, की मापी नळातले सगळे पाणी सारख्या वजनाने (म्हणजे संकेतातल्या सारख्या वाट्याने) मोजत नाही. बिंदूएवढी अग्रे धरल्यास मध्यावरच्या पाण्याचे वजन १, अग्रांपासून काटकोनात असलेल्या भिंतीलगत ०.५, आणि अग्रांजवळ ते बेसुमार वाढते. म्हणून पाण्याचा जोर अग्रापाशी आला तर आकडा फुगतो, वर किंवा खाली सरकला तर घटतो. एम. के. बेव्हिर यांनी १९७० मध्ये ‘आभासी विद्युतप्रवाहा’च्या कल्पनेने हा विचार त्रिमितीत नेला. त्यांच्या पद्धतीत वजनांचा नकाशा एकदाच काढायचा. पुढे बेंड बदलो वा व्हॉल्व्ह, नवा वेग त्यात घालून बेरीज करायची.

गणनेसाठी नळाचा अंतर्भाग लहान लहान घटकांत विभागतात. वेगाचे वितरण द्रवगतिकीच्या गणनेतून घेतात आणि त्यावरून नळात विद्युतविभव कसा पसरतो हे सांगणारे प्वासाँ समीकरण सांत घटक (फायनाइट एलिमेंट) किंवा सांत अंतर (फायनाइट डिफरन्स) पद्धतीने सोडवतात. अस्तर विद्युतरोधक असल्याने भिंतीतून विद्युतप्रवाह बाहेर जात नाही, ही सीमाअट. अग्रांच्या कडेला या घटकांची जाळी फार बारीक करावी लागते. तिथे आळस केला तर उत्तर दिसायला नेटके, पण चुकीचे येते. खात्रीची सोपी कसोटी आहे: एकसारखे क्षेत्र आणि सममित प्रवाह घालून वरचाच गुणाकार परत मिळतो का, ते पाहावे.

नळ पूर्ण भरलेला नसेल, तर साधा मापी रिकाम्या जागेलाही पाणी समजतो आणि विसर्ग जास्त दाखवतो. अशा वेळी पाण्याचा पृष्ठभाग हीच वरची सीमा धरून गणना करावी लागते. पाण्याची विद्युतवाहकता मात्र सगळीकडे सारखी असेल, तर आदर्श संकेतावर तिचा परिणाम होत नाही. अग्रांवर बसलेला थर, सदोष अर्थिंग आणि पंपाच्या मोटरींचा विद्युत गोंगाट या गणनेत येत नाहीत. त्यांचा शोध जागेवर जाऊनच घ्यावा लागतो.

मापीच्या आधी पाच व्यासांइतका सरळ नळ ठेवावा, असा रुळलेला प्रघात आहे. १४०० मिमीला ते ७ मीटर होतात. पंपगृहाच्या आवारात तेवढी जागा नसते, तेव्हा आहे त्या मांडणीत किती फरक पडेल हे आधीच आजमावण्यासाठी ही गणना सर्वाधिक उपयोगी पडते.