नाटकातला खंजीर आणि पोटातला गोळा

परीक्षेच्या दिवशी सकाळी पोटात गोळा येतो. मराठीने भीतीचा पत्ता डोक्याऐवजी पोटात दिला आहे आणि शरीरशास्त्र तिच्याच बाजूने बोलतं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं जाळं असतं, मनःस्थितीशी निगडित असलेलं सेरोटोनिन हे रसायनही बहुतेक आतड्यातच तयार होतं.

काहींचा हा गोळा परीक्षा संपली तरी जात नाही. पोट दुखतं, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, आणि सोनोग्राफीपासून कोलोनोस्कोपीपर्यंत सगळे रिपोर्ट नॉर्मल. याला इरिटेबल बाऊल सिंड्रोम म्हणतात. या रुग्णांमध्ये चिंतेचा विकारही पुष्कळदा सापडतो. सगळे डॉक्टर करून झाल्यावर अशी माणसं अॅक्युपंक्चरकडे, म्हणजे सुया टोचण्याच्या चिनी उपचाराकडे वळली तर नवल नाही.

अमेरिकेत या सुयांचा गाजावाजा झाला तोही पोटावरूनच. १९७१ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन चीनमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. भूल नेहमीसारखी इंजेक्शननेच दिली होती. नंतर पोट फुगून त्रास होऊ लागला, तेव्हा उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या गेल्या. तासाभरात बरं वाटलं, असं त्यांनी लिहिलं. लोकांनी मात्र ‘चीनमध्ये सुया टोचून ऑपरेशन केलं’ असं सांगायला सुरुवात केली!

पण फुगलेलं पोट तासाभरात आपोआपही उतरतं. मग श्रेय सुईला द्यायचं की वेळेला?

औषधाची परीक्षा घेताना निम्म्या लोकांना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी देता येते. सुई टोचली की नाही, हे मात्र रुग्णाला कळतंच. यावर १९९८ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कोनराड श्ट्राइटबर्गर यांनी नामी युक्ती काढली. त्यांच्या सुईचं टोक बोथट असतं आणि दाबली की ती स्वतःच्याच दांड्यात सरकते, अगदी नाटकातल्या खंजिरासारखी. कातडीला टोचल्यासारखं जाणवतं, सुई आखूड होताना दिसते आणि रुग्णाला वाटतं, गेली आत. एक उणीव राहतेच. टोचणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं.

हीच खोटी सुई घेऊन हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांच्या गटाने बोस्टनमध्ये जो प्रयोग केला, तो मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत चतुर वाटतो. कॅपचुक स्वतः मकावला जाऊन चिनी वैद्यक शिकून आलेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत इरिटेबल बाऊल सिंड्रोमचे २६२ रुग्ण होते आणि खरी सुई कुणालाच नव्हती. एका गटाला उपचाराविना नुसतं थांबवून ठेवलं. दुसऱ्याला खोट्या सुया, पण टोचणारा जवळजवळ मुका: तुमची फाइल वाचली आहे, या अभ्यासात बोलायला मनाई आहे, एवढंच सांगणारा. तिसऱ्या गटालाही त्याच सुया, पण पहिल्या भेटीत पाऊण तास गप्पा. त्रास कधी सुरू झाला, घरी-ऑफिसात काय होतं, याची चौकशी. नाडी धरून वीस सेकंद विचारमग्न बसायचं, हेसुद्धा ठरवून दिलेलं!

तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला म्हणणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२ टक्के निघाले.

मग खरी सुई किती भर घालते? याच मंडळींनी २००९ मध्ये २३० रुग्णांवर तेही तपासलं. खऱ्या सुईने ४१ टक्क्यांना आणि खोटीने ३२ टक्क्यांना बरं वाटलं. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, इतका किरकोळ. नुसतं थांबलेल्यांत मात्र सुधारणा जेमतेम ४ टक्के. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१२ सालच्या कॉक्रेन आढाव्यातही खोट्या सुईशी गाठ पडली तिथे खरी सुई वरचढ ठरली नाही. चीनमधल्या काही चाचण्यांत ती औषधांपेक्षा सरस दिसली, पण तिथे रुग्णाला आपण काय घेतोय ते माहीत होतं.

चिंतेच्या बाबतीत पेच आणखी अवघड. ती मोजायची रुग्णाच्याच सांगण्यावरून, आणि अर्धा तास फोन बाजूला ठेवून शांत पडून राहणं हाच मुळात उतारा. त्यातून सुईचा वाटा वेगळा काढायचा कसा?

कॅपचुक पुढे सुईही सोडून गोळीकडे वळले. २०१० मध्ये त्यांनी इरिटेबल बाऊल सिंड्रोमच्याच ८० रुग्णांना घेतलं आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना, यात औषध नाही असं स्पष्ट सांगून, खोट्या गोळ्या दिल्या. बाटलीवर तसं छापलेलंही होतं. गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, न घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांना.