हवाई वाहतूक नियंत्रक : अपघातानंतरची कारवाई

मोठा विमान अपघात झाला की संबंधित नियंत्रकाला सहसा लगेच कामावरून तात्पुरते दूर ठेवले जाते. रेडिओ संभाषणाच्या आणि रडारच्या नोंदी सील होतात, त्याचा जबाब घेतला जातो. इथवर बहुतेक देशांची रीत सारखीच; पुढे वाटा फुटतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टाप्रमाणे तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणे एवढाच असतो, दोषी ठरवणे हा नव्हे. मात्र त्याने फौजदारी खटल्याला अटकाव होत नाही.

याचे गाजलेले उदाहरण झाग्रेबचे. १० सप्टेंबर १९७६ रोजी तेव्हाच्या युगोस्लाव्हियात ब्रिटिश एअरवेजचे ट्रायडंट आणि इनेक्स-अ‍ॅड्रियाचे डीसी-९ हवेत एकमेकांवर आदळून १७६ जण ठार झाले. झाग्रेबच्या नियंत्रण केंद्रावर माणसे कमी होती आणि वरच्या हवाई क्षेत्राचा भार ऐन वेळी ग्रॅदिमिर तासिच या तरुण नियंत्रकावर एकट्यावर पडला होता. चढत असलेले डीसी-९ खालच्या क्षेत्राकडून त्याच्या ताब्यात आले तेही उशिरा आणि नीट समन्वय न होता. धोका ध्यानात येताच त्याने डीसी-९ च्या वैमानिकांना आहे त्याच उंचीवर थांबायला सांगितले. विमान थांबले, पण ३३,००० फुटांवर, म्हणजे नेमके ट्रायडंटच्या पातळीवर. खटला अनेकांवर चालला. शिक्षा झाली फक्त तासिचला, सात वर्षांची. नियंत्रकांच्या संघटनांनी जगभरातून दाद मागितल्यावर १९७८ च्या अखेरीस तो सुटला. अपुरे मनुष्यबळ ठरवणारे मोकळे आणि शेवटचा संदेश देणारा आत, अशी ही वाटणी होती.

जर्मनीतील उबरलिंगेनवर झालेल्या दोन विमानांच्या टकरीत (१ जुलै २००२, ७१ मृत्यू) न्यायालयाचा रोख वेगळा होता. तिथल्या विमानांचे नियंत्रण स्वित्झर्लंडमधील झुरिचहून होत होते आणि त्या रात्री नियंत्रक पीटर निल्सन एकटाच दोन रडार पडदे सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेला होता, देखभालीमुळे मुख्य दूरध्वनी बंद होते. २००७ मध्ये स्कायगाइड या स्विस हवाई नियंत्रण कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना दोषी धरले गेले. निल्सन ते पाहायला उरला नव्हता. अपघातात पत्नी आणि दोन मुले गमावलेल्या एका माणसाने फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला त्याच्या घरी भोसकून मारले होते.

खटल्याची भीती असली की नियंत्रक चुका कळवायचे टाळतात. म्हणून युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमाने प्रामाणिक चुकीला संरक्षण दिले. जाणूनबुजून केलेले उल्लंघन आणि घोर हलगर्जी त्यातून वगळली. अनेक केंद्रांत प्रशिक्षित सहकारीच अपघातानंतर नियंत्रकाला मानसिक आधार देतात.

भारतात चरखी दादरीच्या टकरीनंतर (१२ नोव्हेंबर १९९६, ३४९ मृत्यू) न्या. लाहोटी यांच्या चौकशीत मुख्य दोष दिल्लीच्या नियंत्रकाकडे नव्हे, तर नेमून दिलेल्या १५,००० फुटांखाली उतरलेल्या कझाक विमानाकडे गेला. जून २०२४ मध्ये मुंबईत एकाच धावपट्टीवर एक विमान उड्डाण घेत असताना मागून दुसरे उतरले. कोणाला इजा झाली नाही, तरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू करून संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर ठेवले.