मैफलीतील चूक (बेळगाव सीमाभाग)

नामवंत गायक-वादकांच्या हातून मैफलीत, रंगभूमीवर किंवा ध्वनिमुद्रणात होणारं सूर, लय, शब्द अथवा रागरूप यांचं स्खलन. ही नोंद मुख्यतः बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी श्रोत्यांच्या अनुभवाच्या अंगाने केली आहे. बेळगावच्या एका बाजूला धारवाड-हुबळी, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर आणि मिरज. त्यामुळे किराणा घराण्याचा सूर आणि जयपूर घराण्याची लय दोन्ही इथल्या कानांच्या सवयीची आहेत. एकाच सतरंजीवर मराठी आणि कानडी श्रोते मांडीला मांडी लावून बसतात. ‘ताल चुकला’ असं एक पुटपुटतो, ‘ताळ तप्पितु’ असं दुसरा, आणि दोघांची मान एकाच वेळी हलते. मात्र ‘बुवा चुकले’ एवढ्यावर इथल्या जाणत्याचं समाधान होत नाही. ‘मग काय केलं त्यांनी?’ हा प्रश्न लगेच येतो. चूक झाली यापेक्षा ती कशी सांभाळली, यावर कलावंताची पारख होते.

लयीच्या चुकांत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकणं ही सगळ्यांत ठळक. विलंबित एकताल बारा मात्रांचा असला तरी त्याचं एक आवर्तन (फेरा) पाऊण-एक मिनिट चालू शकतं, आणि एवढ्या लांब पल्ल्यात मात्रा मोजत गाणारा गवई गाण्याचा राहत नाही. तो तबल्याच्या ठेक्यातल्या खुणा ऐकतो. या ठेक्यात ‘तिरकिट’ दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. दहाव्याचा तिरकिट वाजला की गायकाला कळतं, मुखडा (बंदिशीची समेवर नेणारी सुरुवातीची ओळ) उचलायचा, सम आली. आलापात बुडालेल्या गायकाने चौथ्या मात्रेचा तिरकिट दहाव्याचा समजला, तर तो ऐटीत मुखडा घेतो आणि समेच्या ‘धिं’वर येण्याऐवजी सातव्या मात्रेच्या ‘कत्’वर येऊन आपटतो. ही चूक शिकाऊ पोराकडून होते तशी मुरलेल्या गवयाकडूनही होते, कारण ती अज्ञानातून नाही, तंद्रीतून येते. अशा वेळी चांगला तबलजी गायकाकडे रोखून बघत नाही. ठेका जरा ठाशीव करतो, पुढच्या तिरकिटाला वजन देतो. गायकही मुखड्याचे शब्द तिथेच न सोडता त्यांची बोलबनाव (तेच शब्द वेगवेगळ्या सुरांत सजवणं) करत खऱ्या समेपर्यंत येतो. मागच्या रांगेत कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढच्या रांगेतला एखादा म्हातारा मात्र समेला हात खाली आणताना नेहमीपेक्षा मोठ्याने ‘वा!’ म्हणतो.

समेच्या किंचित आधी किंवा नंतर मुद्दाम येण्याला शास्त्रात अनागत-अतीत अशी नावं आहेत. ती चूक नव्हे, खेळ आहे. हेतू आणि अपघात यांतला फरक कानाला पुढच्या आवर्तनातच कळतो. मुद्दाम केलेलं असेल तर गायक पुन्हा तसंच करून दाखवतो.

सुरांच्या बाबतीत कणसूर होणं, म्हणजे सूर केसभर उतरणं वा चढणं, आणि रागात वर्ज्य स्वर लागणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. मालकंसात पंचम लागला तर तो कुणीही पकडेल. भूप गाताना धैवतावर गरजेपेक्षा जास्त रेंगाळून देशकाराची छाया पडणं हे सूक्ष्म प्रकरण आहे, कारण दोन्ही रागांचे स्वर तेच, चूक फक्त वजनाची. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांच्यासारखे जयपूर गायकीचे कलावंत अनवट आणि जोडराग इतक्या सहजतेने गात की भल्याभल्या श्रोत्यालाही एखादी जागा ऐकून राग सुटला की काय अशी शंका यावी, आणि दोन आवर्तनांनी आपलंच ऐकणं तोकडं पडलं हे कळावं. कलावंताची वाटलेली चूक पुष्कळदा ऐकणाऱ्याची असते, हा धडा सीमाभागातल्या श्रोत्यांना मन्सूरांनी दिला असं म्हणायला हरकत नाही.

हवामानाचा भाग वेगळा. बेळगाव-खानापूरचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला सांगावं लागत नाही की आषाढ-श्रावणातल्या बैठकीत तबल्याची शाई-पुडी ओलावते, चाट (तबल्याचा काठ) उतरते, तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार) बोथट होते. मध्यंतराआधी सुरेल वाटणारं गाणं मध्यंतरानंतर खुपू लागलं तर दोष गळ्याला देण्याआधी तंबोऱ्याकडे बघावं. हातोडीची टकटक आणि खुंट्यांची कुरकुर ही पावसाळी मैफलीतली अटळ साथ आहे.

पेटीतली चूक

या भागात हार्मोनियमला पेटीच म्हणतात, आणि बेळगावला पेटीची मोठी परंपरा आहे. पं. रामभाऊ विजापुरे यांनी दीर्घ आयुष्यभर बेळगावात पेटी वाजवली आणि शिकवली. तरीही खरं सांगायचं तर पेटी हे वाद्यच एका चुकीवर उभं आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून आपोआप गांधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर षड्जापासून हा गांधार साधारण ३८६ भागांवर येतो. पेटीचा गांधार समान अंतराच्या सप्तकामुळे ४०० वर बसवलेला. म्हणजे चौदा भाग चढा. गायक तंबोऱ्याशी मिळवतो आणि पेटी त्याच्या कानाशी किंचित भांडत राहते. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे सहकारी क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची पेटी घडवून हा दोष काढायचा प्रयत्न केला. आकाशवाणीने तर १९४० मध्ये पेटी हद्दपारच केली आणि ती बंदी तीन दशकं टिकली.

उत्तम साथीदाराने काढलेली वाट याहून साधी आहे. गांधारावर तो बोट रेंगाळू देत नाही, भाता हलका ठेवतो, गायकाच्या सुराच्या मागून येतो, आणि जिथे गायक सुरावर स्थिरावला आहे तिथे गप्प बसतो. गायकाचा सूर डळमळला तर मात्र तीच पेटी नेमका षड्ज धरून उभी राहते. गायकाच्या चुका झाकणारी पेटी आणि पेटीची चूक झाकणारा वादक, हे नातं ध्वनिमुद्रणावर ऐकताना फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

शब्दांच्या चुका

दोन भाषांच्या सीमेवर शब्दांची चूक हा विषय नाजूक आहे आणि तो मोकळेपणाने बोलला गेला पाहिजे. कानडी मातृभाषेचा गायक अभंग गातो तेव्हा ‘चोर’मधला दंत्य च आणि ‘चिमणी’मधला तालव्य च एकच होऊन जातात, कारण कानडीत दंत्य च नाही. मराठी गायक वचन किंवा दासरपद या कानडी भक्तिरचना गातो तेव्हा उलट घडतं. कानडीत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकारचे आहेत. मराठीत हा भेद नाही, देवनागरीत तो दाखवायला नेहमीचं चिन्हही नाही. ऱ्हस्व ओ असलेला ‘कोडु’ म्हणजे ‘दे’. तोच ओ लांबवला तर अर्थ होतो ‘शिंग’. देवाकडे ‘दे’ म्हणून हात पसरणारं पद गाताना सूर लांबवण्याच्या नादात देवाच्या कपाळी शिंग उगवतं. गाण्यात स्वर लांबणारच, पण कुठला लांबवावा आणि कुठला तोडून शेजारच्या अक्षरावर आलाप घ्यावा, हे जाणता गायक कानडी शेजाऱ्याला विचारून घेतो.

मराठी संगीत रंगभूमीच्या बाबतीत या भागाचा मान मोठा आहे. तिचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. कुंदगोळचे सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर (१८८६–१९५२), कानडी मुलखातले असूनही मराठी नाटकांतून गाजले. नाटकात पद विसरलं तर विंगेतला प्रॉम्प्टर शब्द पुरवी, आणि ऑर्गनवाला मुखडा पुन्हा वाजवून वेळ काढून देई. मैफलीतल्या गायकाला विंग नसते. बंदिशीचा अंतरा आठवेना तर तो आकारात जातो, सरगम घेतो किंवा स्थायीकडे (बंदिशीच्या पहिल्या भागाकडे) वळतो. ख्यालाने अशा सुटकेच्या वाटा आधीपासून ठेवल्या आहेत.

तबकडीवर गोठलेलं

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्याला सुरू झालं; गौहर जान या त्यातल्या अगदी सुरुवातीच्या गायिकांपैकी. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. चूक दुरुस्त करायची सोय नाही. एक तर सगळं पुन्हा गायचं, नाहीतर आहे तसं सोडायचं. तासाभराचा राग तीन मिनिटांत कोंबताना अंतरा घाईने उरकणं, शेवटची तान तोडणं हे दोष त्या यंत्राचे होते, गवयाच्या नावावर जमा झाले.

आणखी एक चूक तर कुणीच केलेली नसते. चावीच्या ग्रामोफोनवर मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी साडेत्र्याहत्तर झाल्या की सूर जवळपास एका अर्धस्वराने उतरतो: पेटीच्या काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी एकमध्ये ऐकू येतं. मूळ मुद्रणही दर वेळी नेमक्या ७८ फेऱ्यांवर होत नसे. बेळगाव तालुक्यातल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा अशाच तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांच्या हुबेहूब नकला करत असे. पुढे तो कुमार गंधर्व (१९२४–१९९२) या नावाने ओळखला गेला. नक्कल हुबेहूब म्हटली की त्यात तबकडीची घाई आणि यंत्राची लहरही आली. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे त्या कानाला शिस्त मिळाली, आणि नकलेतून बाहेर पडलेल्या त्याच कुमारांना ‘हे रागात बसत नाही’ असं ऐकून घ्यावं लागलं. नक्कल करताना शाबासकी मिळाली आणि स्वतःचं गाताना चूक ठरली, ही गोष्ट इथल्या माणसाला अजून टोचते.

धारवाडचं आकाशवाणी केंद्र १९५० मध्ये सुरू झालं आणि सीमाभागाला घरबसल्या मैफल मिळाली. त्यानंतर स्पूल आणि कॅसेटवर खाजगी बैठकी टिपल्या गेल्या. खाजगी मुद्रणातली चूक ही कलावंताने विश्वासाने दिलेली ठेव आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा तुकडा तोडून मागचं-पुढचं काढून टाकून हशा पिकवायला फिरवणं हा त्या बैठकीचा अपमान आहे. सम हुकलेली दहा सेकंदं दाखवायची तर ती सावरलेलं पुढचं आवर्तनही दाखवावं.

इतर देशांतली उदाहरणं

हाच नियम दूरच्या संगीतातही दिसतो. जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड १९६० मध्ये बर्लिनच्या मैफलीत ‘मॅक द नाइफ’ गाताना शब्द विसरल्या. थांबल्या नाहीत. आपण शब्द विसरलो आहोत हेच चालीत गुंफून त्यांनी जागीच नवे शब्द रचले, आणि त्या मुद्रणाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या बोलबनावाशी याचं नातं जवळचं आहे. पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांनी माइल्स डेव्हिस यांच्या साथीला असताना साफ चुकीचा स्वरमेळ वाजवल्याची आठवण सांगितली आहे. डेव्हिस यांनी क्षणभर थांबून असे सूर घेतले की तोच स्वरमेळ बरोबर ठरला. इथल्या मैफलीत साथीदार मुख्य कलावंताला सांभाळतो, तिथे मुख्य कलावंताने साथीदाराला सांभाळलं.

पोर्तुगीज पियानोवादक मारिया जुआओ पिरेस अ‍ॅमस्टरडॅममध्ये श्रोत्यांसमोर वादनाला बसल्या आणि वाद्यवृंदाने मोत्सार्टचा डी मायनर कंचेर्तो (पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना) सुरू केला. त्या वेगळ्याच कंचेर्तोच्या तयारीने आल्या होत्या. चेहऱ्यावरची भीती चित्रफितीत दिसते. संचालक रिकार्दो शाय यांनी वाद्यवृंद न थांबवता हसत धीर दिला, आणि पिरेस यांनी आठवणीतून अख्खी रचना वाजवली. २०१६ च्या नोबेल समारंभात अमेरिकन गायिका पॅटी स्मिथ बॉब डिलन यांचं गीत गाताना मध्येच अडल्या, घाबरल्याचं सांगून माफी मागितली आणि पुन्हा गाऊ लागल्या. ‘द पोलीस’ या रॉक चमूच्या ‘रॉक्सॅन’ (१९७८) गाण्याच्या सुरुवातीला त्यांचा गायक स्टिंग चुकून पियानोच्या पट्ट्यांवर बसल्याचा बेसूर आवाज आणि त्यामागचं हसू आहे. ते काढून टाकता आलं असतं. ठेवलं गेलं.

दोषातून गायकी

जयपूर-अत्रौली गायकीचे अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज तरुणपणी अति गाण्याने बसला आणि पूर्वीसारखा कधीच परतला नाही. नव्या, जाड आवाजाला पेलेल अशी वळणदार, लयीला गुंफलेली गायकी त्यांनी घडवली, आणि कोल्हापूर दरबारातून ती या भागात झिरपली. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांतला बारीक आवाज आणि घशाच्या उपचारांनंतरचा भरदार आवाज एकाच बाईचे आहेत, हे नवख्याला पटत नाही. कुमार गंधर्वांना १९४७ च्या सुमारास क्षयाने गाठलं. हवापालटासाठी ते देवासला गेले, एक फुप्फुस निकामी झालं. लांब पल्ल्याच्या ताना अशक्य झाल्या, तेव्हा तुटक, तीरासारख्या छोट्या आवाजखंडांनी त्यांनी राग उभा केला. जुन्या मापाने पाहिलं तर दमसास तुटणं ही चूकच होती.

१९९७ पासून सूर आपोआप दुरुस्त करणारी संगणकीय प्रणाली बाजारात आहे आणि आज सीमाभागातल्या छोट्या स्टुडिओतही ती सर्रास वापरली जाते. भजनाच्या मुद्रणात ती कणसूर पुसते, त्याच वेळी गांधाराला पेटीच्या ४०० वर नेऊन बसवते. जुन्या फितींचं रूपांतर करणाऱ्यांनीही गती नीट जुळवावी, खरखर कमी करावी, पण सुराला हात लावू नये. निपाणीकडच्या एका घरात ऐकलेल्या अशा एका फितीत गायक सम हुकतो, तबलजीचा ‘धिं’ जरा जोरात पडतो, कुणीतरी कानडीत हळूच ‘इरली, इरली’ म्हणजे ‘असू दे, असू दे’ म्हणतं, आणि गायक हसून तोच मुखडा पुन्हा उचलतो.