राधानगरीचे दरवाजे आणि मावशीचे सांधे

जुलै लागला की आमच्या कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी असते: पंचगंगा किती फुटांवर? राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. दुसरी चौकशी राधानगरीची: किती दरवाजे उघडले? शाहू महाराजांनी भोगावतीवर हाती घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ते उघडायला माणूस लागत नाही. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की पाण्याच्याच जोरावर दरवाजा उघडतो, १४२८ क्युसेकनं विसर्ग सुरू होतो आणि पातळी उतरली की दार आपसूक मिटतं. पाणीच स्वतःला आवर घालतं.

या दरवाजांची आठवण मला हल्ली पावसाळा नसतानाही येते, ती मावशीच्या हातांमुळे. मावशी शुक्रवार पेठेत राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली, तेव्हा ती चार दिवस आमच्याकडे होती. सकाळी भाकरी थापायला बसली आणि पीठ मळता मळता थांबली. "मुठी मिटंनात बघ," म्हणाली. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, आणि तासाभरानं जरा सैल झालेली. पुराची दगदग, गार पाणी, वय, असं म्हणत आम्ही सगळ्यांनीच ते सोडून दिलं. पुढचे सहा महिने 'वात हाय, जाईल' यातच गेले. मग निदान झालं: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

लगोलग कोरोनाचा काळ आला आणि 'इम्युनिटी वाढवा'चं पेवच फुटलं. शेजारणी काढे देऊन जात, कुणी गुळवेलीच्या गोळ्या आणून दिल्या. मावशीला वाटायचं, आपली प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून हे दुखणं जडलं. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, तरी तिची ही समजूत काढायला मला वर्ष लागलं. तिच्या आजारात प्रतिकारशक्ती कमी नाही, ती अनावर आहे. जंतूंशी लढणाऱ्या पेशी सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरालाच शत्रू समजतात. ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेवटी कूर्चा आणि हाडही कुरतडायला लागतं. अशा माणसाला 'इम्युनिटी बूस्टर' देणं म्हणजे पुरात आणखी पाणी सोडणं. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले, आणि त्या इजेचं रूप ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या, आजारासारखं होतं. त्यावर वादही झाला. पण ज्याचं शरीर आधीच स्वतःवर उलटलं आहे, त्यानं डॉक्टरांना न विचारता असलं काही घेऊ नये, हे मी आता जोर देऊन सांगते.

मग प्रश्न उरतो, प्रतिकारशक्तीला आवर घालणारे दरवाजे शरीरात असतात कुठे? अनेक आहेत. त्यातला एक प्रकार इतका छोटा आहे, की १९९३ पर्यंत तो कुणाच्या नजरेला पडला नव्हता.

पेशीत प्रथिन बनतं ते असं: डीएनएमधल्या जनुकाची एक नक्कल निघते, ती नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. कोरोनाच्या काही लसींमुळे 'एमआरएनए' हा शब्द आता सगळ्यांच्या कानांवरून गेला आहे. ही नक्कल वाचून पेशी प्रथिन तयार करते. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन हे दोन अमेरिकी शास्त्रज्ञ जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीवर काम करत होते. अॅम्ब्रोस यांना एक विचित्र जनुक सापडलं. त्यापासून प्रथिन बनतच नव्हतं, निघत होता फक्त २२ अक्षरांचा, म्हणजे २२ रासायनिक घटकांच्या माळेचा, आरएनएचा तुकडा. रुवकुन दुसऱ्याच एका जनुकाचा अभ्यास करत होते. १९९२ मध्ये दोघांनी आपापल्या अक्षरमाळा एकमेकांना कळवल्या आणि ताडून पाहिल्या, तर पहिल्या तुकड्याची अक्षरं दुसऱ्या जनुकाच्या संदेशाच्या शेपटीवर कडीकोयंड्यासारखी बसत होती. तुकडा तिथे चिकटला की संदेश असूनही प्रथिन बनेना.

हाच पहिला मायक्रोआरएनए. सात वर्षं बहुतेकांनी तो कृमीचाच एखादा अजब प्रकार मानला. २००० साली रुवकुन यांच्या प्रयोगशाळेला दुसरा सापडला आणि तो माणसातही जसाच्या तसा निघाला, तेव्हा सगळे जागे झाले. अॅम्ब्रोस आणि रुवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. आज माहीत आहे, की प्रथिनं बनवणाऱ्या आपल्या निम्म्याहून जास्त जनुकांवर कुठल्या ना कुठल्या मायक्रोआरएनएची नजर असते.

नेम धरायला या तुकड्याची सगळी अक्षरं लागत नाहीत. सुरुवातीची दुसरी ते आठवी, अशी सात पुरतात. आपल्या गोष्टीतला नायक आहे मायक्रोआरएनए-१४६ए. त्याची ती सात अक्षरं जी, ए, जी, ए, ए, सी, यू. याला जोडीदार ठरणारी अक्षरं ज्या ज्या संदेशाच्या शेपटीवर असतील, तिथे हा बसू शकतो. म्हणून एकच मायक्रोआरएनए डझनावारी, कधी शेकडो संदेशांना हात लावतो. प्रत्येकाला तो थोडंसंच दाबतो, पूर्ण बंद सहसा करत नाही. पण एकाच वाटेवरचे तीन-चार संदेश थोडे थोडे दबले, की त्या वाटेवरचा जोर उतरतो.

डेव्हिड बाल्टिमोर या शास्त्रज्ञाच्या, अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेतल्या प्रयोगशाळेनं २००६ मध्ये माणसाच्या प्रतिकार-पेशींना जिवाणूच्या कवचातला एक पदार्थ दिला. पेशी खवळल्या. त्या खवळण्याचा मुख्य कळीचा माणूस म्हणजे एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन. ते जागं झालं की सूज आणणाऱ्या रसायनांची जनुकं चालू होतात. गंमत पुढे आहे. त्याच एनएफ-कप्पा-बीनं १४६ए चंही जनुक चालू केलं. आणि १४६ए नं जाऊन कुणाला दाबलं? ट्रॅफ-६ आणि आयरॅक-१ या दोघांना. हे दोघे एनएफ-कप्पा-बीला जागं करणाऱ्या साखळीतलेच दुवे. म्हणजे सूज वाढली की तीच सूज स्वतःला उतरवणारा तुकडा तयार करते, आणि सूज उतरली की तुकडाही कमी होतो. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही आलंच नाही. राधानगरीचं स्वयंचलित दार!

आता मावशीच्या सांध्याकडे येऊ. २००८ साली झुरिच, हिरोशिमा आणि फ्लोरिडा इथल्या तीन गटांनी ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांमध्ये १४६ए मोजला, कुणी सांध्याच्या अस्तरात, कुणी रक्तातल्या पेशींत. आपल्याला वाटेल, दार बिघडलं असणार, म्हणजे १४६ए कमी असणार. निघालं उलटंच. तो वाढलेला होता. दार सताड उघडं, तरी पाणी उतरत नाही! फ्लोरिडाच्या गटानं आणखी पुढे जाऊन पाहिलं, तर एवढा १४६ए असूनही रुग्णांच्या पेशींत ट्रॅफ-६ आणि आयरॅक-१ निरोगी माणसांइतकेच होते. तुकडा हजर होता, पण त्याचं काम होत नव्हतं.

हे मी मावशीला माझ्या परीनं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग वरनं आवक लई असंल." मला वाटतं, यापेक्षा नेमकं मीही सांगू शकले नसते. दार उघडं असूनही पातळी हटत नसेल तर एक तर दाराचं काम होत नाही, नाही तर पाणलोटात पाऊस थांबत नाही. ऱ्हुमॅटॉइडमध्ये दोन्हींचा संशय आहे. आज वापरात असलेली बरीचशी औषधं आवक कमी करण्याच्या बाजूची आहेत. सूज आणणाऱ्या टीएनएफ या रसायनाला अडवणारी इंजेक्शनं त्यातलीच.

याच दाराची दुसरी तऱ्हा ल्युपसमध्ये दिसते. हाही ऑटोइम्यून आजार. दर दहा रुग्णांत जवळपास नऊ बायका. गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा, सांधेदुखी, आणि पुढे मूत्रपिंडालाही धोका. शांघायच्या संशोधकांनी २००९ मध्ये ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तपेशी तपासल्या, तर तिथे १४६ए खरोखरच कमी होता. जितका तो कमी, तितका इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या रसायनाचा मार्ग जास्त पेटलेला. म्हणजे इथे दारच नीट उघडत नाही. सांधे दोन्हींत दुखतात, 'वात' म्हणून दोघांनाही एकच तेल चोळायला दिलं जातं, पण आतला बिघाड वेगळा आहे. डॉक्टर इतक्या तपासण्या का करायला सांगतात, हे मला या एका उदाहरणानं पटलं.

सगळेच मायक्रोआरएनए आवर घालणारे नसतात. १५५ नंबरचा याच्या अगदी उलट वागतो. तोही सूज आली की वाढतो, पण तो दाबतो ते 'शिप-१'सारख्या प्रथिनांना, जी मुळात पेशीला शांत ठेवतात. आवरणाऱ्यालाच गप्प केलं की गडबड वाढणारच. ऱ्हुमॅटॉइडच्या सांध्यात तोही भरपूर सापडतो. २०११ मध्ये युरोपातल्या दोन गटांनी १५५ चं जनुकच काढून टाकलेले उंदीर घेतले आणि त्यांना संधिवात घडवून आणण्याचा नेहमीचा प्रयोग केला. या उंदरांना तो जडलाच नाही. एका गटानं वेगळ्या पद्धतीनंही संधिवात घडवून पाहिला. त्यात सूज आली, पण हाडांची झीज कमी झाली.

स्क्लेरोडर्मा या आणखी एका ऑटोइम्यून आजारात कातडी ताठ होत जाते, कारण कातडीला घट्टपणा देणारं कोलॅजेन हे प्रथिन बेसुमार बनतं. तिथे कोलॅजेनच्या संदेशांना दाबणारा २९ नंबरचा मायक्रोआरएनए घटलेला आढळला.

मग हे तुकडे औषध म्हणून का देत नाहीत? कमी असेल तर भरायचा, जास्त असेल तर अडवायचा. वर्गात पोरंही हेच विचारतात. अडचण मघाशी सांगितलेल्या त्या सात अक्षरांत आहे. एका तुकड्याचे डझनावारी ग्राहक असतील, तर सांध्यासाठी दिलेला तुकडा यकृतात, अस्थिमज्जेत कुणाकुणाला गाठेल, हे आधी सांगणं अवघड. कर्करोगासाठी ३४ए या मायक्रोआरएनएची नक्कल चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून रुग्णांना देण्याची चाचणी सुरू झाली होती. काही रुग्णांत प्रतिकारशक्तीचे गंभीर दुष्परिणाम झाले आणि २०१६ मध्ये ती थांबवावी लागली. प्रतिकारशक्ती आवरायला निघालेल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. यातली वेगळी वाट ओबेफाझिमॉड या तोंडानं घ्यायच्या औषधाची. ते बाहेरून तुकडा आणत नाही, पेशीलाच १२४ नंबरचा मायक्रोआरएनए जास्त बनवायला लावतं. हा १२४ सूज उतरवणाऱ्या बाजूचा आहे. आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या ऑटोइम्यून दुखण्यावर ते तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांतही त्याची छोटी चाचणी झाली आहे.

रक्तातले मायक्रोआरएनए मोजून आजार लवकर ओळखता येईल का, यावरही बरंच काम चालू आहे. हे तुकडे रक्तात सूक्ष्म पिशव्यांत किंवा प्रथिनांच्या आधारानं फिरतात आणि बरेच टिकतात, ही जमेची बाजू. पण तांबड्या रक्तपेशींतही काही मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. सुईतून रक्त ओढताना किंवा नमुना हलवताना चार पेशी फुटल्या की ते बाहेर सांडतात आणि आकडे बिघडतात. एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीत जुळत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. त्यामुळे 'मायक्रोआरएनए टेस्ट'च्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. ऱ्हुमॅटॉइडसाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या साध्या रक्ततपासण्या आहेत. अँटी-सीसीपी तर कित्येकांच्या रक्तात सांधे दुखण्याच्या काही वर्षं आधीपासून सापडते.

मावशीला मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्तीला आवरणारं औषध चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठी वाचण्यातली ही चूक घडते, म्हणून मुद्दाम लिहिते. मावशीनं त्यासाठी जोतिबाचा वार धरलाय, रविवार. देवाला नारळ आणि आपल्याला गोळी, दोन्ही एकाच दिवशी, म्हणजे विसरायला होत नाही. मधल्या एका दिवशी फॉलिक अॅसिड, आणि ठरलेल्या मुदतीत यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी. आता ती भाकरी थापते, पूर्वीसारख्या दहा-बारा नाही, पण चार-पाच होतात. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी झाली ती झालीच. ती वाकली त्या पहिल्या सहा महिन्यांत, जेव्हा आम्ही वात म्हणून तेल चोळत होतो. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली राहत असतील, बोटांच्या मुळाशी सूज असेल आणि हे दीड महिन्याहून जास्त चाललं असेल, तर सांध्यांच्या डॉक्टरांना, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, त्याच आठवड्यात दाखवा.